सरंजाम्यांचा बोलठसा

डॉ. केतकी रेठरेकरांच्या दवाखान्यात दाढ दाखवायला आलेला माणूस भूल चढायच्या आत एक प्रश्न उरकून घ्यायचा. एकदा जबडा बधिर झाला की बोलता येणार नाही, म्हणून घाईने विचारायचा.

"डॉक्टर, ती बेबीआत्या म्हणजे तुम्हीच ना?"

"तोंड उघडा," केतकी म्हणायची.

सांगलीत हे असं किती वर्षं चाललं होतं, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. तिचा धाकटा भाऊ उन्मेष याने ऐन तिशीत एक कादंबरी लिहिली आणि त्यानंतर त्याला काही लिहायची गरजच पडली नाही. तीच पुन्हा पुन्हा छापली जायची. तिच्यावर नाटक झालं, मालिका झाली, बारावीच्या पुस्तकात तिचा उतारा आला. त्या कादंबरीतली दोन माणसं लोकांनी डोक्यावर घेतली. एक, नायक प्राध्यापक सरंजामे. कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला एका वाक्यात सोलून ठेवणारे. त्यांची वाक्यं चहाच्या कपांवर आणि रिक्षांच्या मागे छापलेली असायची. दुसरी बेबीआत्या. डब्यांना कुलूप लावणारी, दुधावरची साय कोणी खाल्ली ते चेहऱ्यावरून ओळखणारी, लग्नात नवरीपेक्षा जास्त रडणारी, आणि प्रत्येक तक्रार 'माझं काही म्हणणं नाही, पण' अशी सुरू करणारी. तिला महाराष्ट्र पोट धरधरून हसला.

सरंजामे म्हणजे खुद्द लेखक, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. उन्मेषने ते कधी नाकारलं नाही. उलट सरंजाम्यांसारखी काठी घेऊन तो सभांना जाऊ लागला. पाय दोन्ही धडधाकट होते. पुढे लेखकाला एक बिनलग्नाची, तिखट जिभेची थोरली बहीण आहे हे कळल्यावर आत्या कोण, तेही लोकांनी ठरवलं. त्यांना तेवढा पुरावा पुरतो. उन्मेषची बायको रेवती तर प्रत्येक समारंभात केतकीचा दंड धरून सांगायची, "ह्याच बरं का, आमच्या खऱ्याखुऱ्या आत्या."

केतकीने ती कादंबरी आत्येच्या प्रवेशापर्यंत, म्हणजे जेमतेम दहा पानं, वाचली होती आणि मिटून ठेवली होती. नंतर ते नाटक, ती मालिका, कपांवरची ती वाक्यं, कशाकडेही तिने ढुंकून पाहिलं नाही. भावाशी ती कधी भांडली नाही. भांडावं, तर आत्याही भांडकुदळ. अबोला धरावा, तर आत्याही तिसऱ्या प्रकरणात रुसून बसलेली. मनावर न घेता हसावं, तर लोक म्हणणार, बघा, अगदी आत्यासारखं हसल्या. तिने काहीही केलं तरी ते आधीच छापून आलेलं होतं. मग तिने एकच गोष्ट केली. भावाचा, त्याच्या वाचकांचा आणि एकूणच साहित्य नावाच्या उद्योगाचा मनापासून तिरस्कार. तो तिला छान जमला.

दर रविवारी सकाळी उन्मेषचा फोन मात्र यायचा. अगदी पहिल्यापासून. तो विचारायचा, ती बोलायची. अमका मंत्री, तमका नातेवाईक, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. तो मनापासून ऐकायचा. एवढं एक चांगलं त्याच्यात आहे, असं ती धरून चालली होती.

मिरजेतली न्यूरॉलॉजिस्ट डॉ. फरहाना मुजावर ही केतकीची शाळेपासूनची मैत्रीण. 'बोलघडण' नावाचं यंत्र या भागात पहिल्यांदा तिच्याकडे आलं. ते आलं होतं पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांसाठी. अशा माणसाच्या डोक्यात सांगायचं सगळं असतं, पण वाक्य जुळत नाही. त्याच्या फोनमधले जुने बोललेले निरोप यंत्राला ऐकवायचे. मग रुग्णाने दोन-तीन शब्द कसेबसे दाखवले की यंत्र ते वाक्य त्याच्या ढंगात पुरं करायचं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने सहा महिन्यांच्या मुकेपणानंतर सुनेला पहिलं वाक्य ऐकवलं, "आलीस? मला वाटलं, मी बरी झाल्यावर येशील." सून तिथेच रडायला लागली. सासूबाई परत आल्या, अशी तिची खात्री पटली होती.

"पण शब्द तर कोणीही कोणाचे उचलतो," केतकी तेव्हा म्हणाली होती.

"शब्दांचं सोड," फरहाना म्हणाली. "तुझ्याच धंद्यातलं सांगते. माणसाचे दात बदलता येतात. चाव बदलतो का?"

"नाही. वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो, ते ज्याचं त्याचं असतं."

"तसंच आहे हे. कारण आधी सांगतेस की परिणाम. नाही म्हणायच्या आधी हो म्हणतेस का. वाक्य कुठे तोडतेस, टोमणा शेवटी ठेवतेस की मध्येच सोडतेस, काय न बोलता गाळतेस. असे शेकडो बारकावे यंत्र मोजतं आणि त्यांचा एक ठसा काढतं. आम्ही त्याला बोलठसा म्हणतो. दोन माणसांचा सारखा अजून सापडलेला नाही."

हे वैद्यकात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कोणा रिकामटेकड्याने यंत्राला एका गाजलेल्या नाटकाचे संवाद दिले आणि नाटककाराच्या घरातल्या मंडळींचे आवाज दिले. नाटकातला लंपट मामा आणि नाटककाराचे सासरे यांचे ठसे तंतोतंत जुळले. मग काय, ज्याच्या घरी एखादा लेखक होता त्याने यंत्राकडे धाव घेतली. पाच-सहा नामवंतांची प्रकृती एकाच आठवड्यात बिघडली. 'माझी पात्रं मला स्वप्नात भेटतात' असं आयुष्यभर सांगत फिरलेल्या एका बाईंची सगळी स्वप्नं त्यांच्याच सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होती. ज्यांच्यावर लिहिलं होतं ते चिडतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. तो चुकला. ज्यांच्यावर काहीच लिहिलं नव्हतं ते चिडले.

शेवटी कायदा आला. ठसा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जुळला, तर त्या माणसाला 'मूळव्यक्ती' म्हणायचं. नवी आवृत्ती काढायची तर त्याची अनुमती हवी. तो नाही म्हणाला तर ते पात्र पुस्तकातून काढून टाकायचं. पुस्तकात त्याचं नाव छापायचं की नाही, तेही तोच ठरवणार.

तेव्हा उन्मेष काठी घेऊन सांगलीला आला. बरोबर रेवती होती.

"मोठी आवृत्ती काढतायत, ताई," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "पण चाचणी झाल्याशिवाय प्रकाशक हात लावत नाही. घरातल्या सगळ्यांचे आवाज लागतात. आपल्या ग्रुपवरचे तुझे निरोप देऊ दे. आणि मग आत्येसाठी तुझी सही."

"सही नाही दिली तर?"

उन्मेष हसला. सरंजामे हसतात तसं, एका गालात. आरशासमोर बसवलेलं हसू होतं ते. "देशील तू. अगं, गेल्यावर कोण कोणाला ओळखतं? तुला मी कायमची जिवंत ठेवली आहे."

"डब्यांना कुलूप लावून."

"माझं काही म्हणणं नाही, पण ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता बाई," रेवती म्हणाली. "गंमत असते हो ती. लोक किती प्रेमाने विचारतात तुमच्याबद्दल."

केतकीने दोघांकडे पाहिलं. चाचणी होऊ द्यायची. ती आत्या आपणच, असा सरकारी शिक्का बसू द्यायचा. आणि मग अनुमती द्यायची नाही. आत्या गेली की त्या पुस्तकात हसायला काही उरत नव्हतं, एवढं तिला लोकांच्याच तोंडून ठाऊक होतं.

"घे माझे आवाज," ती म्हणाली. उन्मेषला वाटलं, ती विरघळली.

चाचणीचं केंद्र फरहानाच्याच विभागात होतं. एका दुपारी तिचा फोन आला.

"हातात सुई-बिई नाही ना?"

"नाही. बोल."

"बेबीआत्या तू नाहीस. लांबचासुद्धा संबंध नाही."

केतकीला आनंद झाला नाही. इतकी वर्षं आपण उगीचच सोसलं, याचा संताप आला. "बरं झालं," ती कोरडेपणाने म्हणाली.

"अजून झालं नाही. तू सरंजामे आहेस."

"काय?"

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी तीनदा करून पाहिलं. एवढा स्वच्छ जुळलेला ठसा आमच्याकडे अजून आलेला नाही. आत्येचाही निकाल लागला आहे, पण तो ज्याचा त्याला आणि लेखकालाच कळवायचा असतो. तो मी तुला सांगणार नाही."

त्या रविवारी केतकीने फोन उचलला नाही. ती कादंबरी घेऊन बसली आणि पहिल्यांदाच पुरी वाचली. सोळाव्या पानावर सरंजामे म्हणतात, 'समाचाराला आलेल्या माणसाने चप्पल कुठे काढली ते बघावं. दाराच्या तोंडाशी काढली असेल तर त्याला लवकर निघायचं असतं.' हे ती आईच्या आजारपणात म्हणाली होती. पुढे कॉलेजच्या भांडणात सरंजामे प्राचार्यांना जे ऐकवतात, ते तिने दंतवैद्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांना ऐकवलं होतं आणि रविवारी उन्मेषला सांगितलं होतं. सगळं तसंच. त्याने स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता.

मग ते वाक्य आलं, ज्याच्यावर सगळा महाराष्ट्र रडला होता. वडिलांच्या खाटेशी बसलेले सरंजामे म्हणतात, 'दुखत नाही म्हणतायत. म्हणजे आपल्याला दुखू नये म्हणून.'

वडील, म्हणजे अण्णा, गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात ती हे बोलली होती. उन्मेष तेव्हा भिंतीला डोकं टेकून रडत होता. निदान तिला तसं वाटलं होतं. ऐकत होता, हे तिला आज कळलं.

पुस्तक तिला आवडलं, आणि याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. सरंजामे शहाणे होते, धीट होते, आतून हळवे होते. त्यांना लोक वचकून असत. त्यांची बायको त्यांच्यावर जीव टाकत असे. तिची सगळी अक्कल त्याने उचलली होती, तिला मिशा लावल्या होत्या, आणि मग जगाने तिला मान दिला होता.

आठवडाभराने रेवती एकटीच दवाखान्यात आली. बाहेरचे पेशंट जाईपर्यंत बसून राहिली. आत आल्यावर दुसरी खुर्ची नसल्यासारखी पेशंटच्या लांबलचक खुर्चीच्या कडेला टेकली.

"ताई, माझं काही म्हणणं नाही, पण..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

केतकीला सगळं एका क्षणात कळलं. कादंबरी वाचून झाली असल्यामुळे तिला आता ती लकब ऐकू येत होती.

"तू," ती म्हणाली.

रेवतीने मान हलवली. "लग्न झालं त्या वर्षी लिहिली होती त्यांनी. मी तेव्हा सत्तावीसची होते. नवीन घर, कोणी काही घेतं, कोणी ठेवतं. डब्यांना कुलूप मीच लावलं होतं, एकदाच. मोलकरीण तेल न्यायची म्हणून. मला म्हणाले, ही ताई आहे. आणि मी हसले. प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून हसले."

केतकीला तिची दया यायला हवी होती. ती शोधून पाहिली, सापडली नाही. "मग आता काय हवंय?"

"तुम्ही सरंजामे आहात हे जाहीर करू नका. केलंत, तर लोक विचारतील, मग आत्या कोण. घरात दुसरं आहे कोण?"

"म्हणजे आत्या मीच राहायचं."

"तुम्हाला सवय आहे," रेवती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही.

केतकीने हातमोजे काढून टाकले. "तुझ्या अनुमतीशिवाय आत्या छापता येत नाही. नाही म्हण. पात्र जाईल. तुझ्या हातात आहे ते."

"त्यांना काय वाटेल? आत्याशिवाय पुस्तक कोण वाचणार?"

"मग दे अनुमती. नाव छापू देऊ नकोस. लोकांना वाटायचं ते वाटेल. त्यांना माझं नाव तोंडपाठ आहे. पण सरंजामे माझे आहेत, ते मी सोडणार नाही. नीघ आता, मला जेवायचंय."

रेवती तिचे हात धरू लागली, तेव्हा केतकी मागे सरकली. उपकार केल्याचं समाधान तिला नको होतं. आपल्याला चार माणसांत वेडगळ ठरवणारी ही बाई स्वतः चार माणसांत उघडी पडू नये म्हणून गयावया करत होती. एवढ्या भित्र्या माणसावर सूड घेण्यात केतकीला कमीपणा वाटला, इतकंच.

उन्मेषने फोनवर वेगळाच सूर लावला.

"ताई, तू नुसती बोललीस. लिहिलं मी. बोलतं सगळंच जग."

"मग सगळ्या जगाचा ठसा जुळायला हवा होता."

"मी तुझं काही चोरलेलं नाही. देवाशप्पथ सांगतो, मला वाटत होतं सरंजामे मीच आहे."

तो खरं बोलत होता. केतकीला ते ऐकूनच किळस आली. चोराला निदान माहीत असतं आपण काय उचललंय. हा माणूस दर रविवारी तिचं बोलणं ऐकायचा आणि सोमवारी ते त्याला स्वतःचं वाटायचं.

"नाव छापायचं," ती म्हणाली. "पहिल्या पानावर. प्राध्यापक सरंजामे, मूळव्यक्ती डॉ. केतकी रेठरेकर. नाहीतर सरंजाम्यांशिवाय काढा तुमची आवृत्ती."

नाव छापलं गेलं. पुढे जे झालं, त्याचा अंदाज केतकीलाही आला नव्हता. तिने लोकांना मूर्ख धरलं होतं, पण मूर्खपणाचं माप कमी घेतलं होतं. ज्या ज्येष्ठ समीक्षकांनी सरंजाम्यांच्या वाक्यांना 'मार्मिक' म्हटलं होतं, त्यांना तीच वाक्यं आता 'खवचट' वाटू लागली. पूर्वी सरंजामे स्पष्टवक्ते होते, आता त्यांच्या बोलण्यात 'एकटेपणातून आलेला कडवटपणा' जाणवू लागला. एका परिसंवादात एका प्राध्यापकांनी सांगितलं, की हे पात्र मुळात पुरुष म्हणून कधी पटलंच नव्हतं. त्यांनी त्या पात्रावर पीएचडी केली होती. चहाच्या कपांवरून वाक्यं उतरली. आणि दवाखान्यात येणारा पेशंट भूल चढायच्या आत विचारायचा, "डॉक्टर, म्हणजे आत्याही तुम्ही आणि सरंजामेही तुम्हीच?"

पुस्तकातली आत्या मात्र कायम होती आणि तिच्यावर लोक पूर्वीइतकेच प्रेमाने हसत होते. रेवती अनुमती देऊन मोकळी झाली होती. उन्मेष मुलाखतीत सांगू लागला, "ताईची जीभ पहिल्यापासूनच तशी. मी तिला जरा माणसात आणली." त्याने काठी सोडून दिली.

केतकीने त्याच्याशी बोलणं बंद केलं. रविवारची सकाळ रिकामी झाली. त्या रिकाम्या सकाळींमध्ये ती लिहायला लागली. प्रकाशकाचा निरोप येऊन पडलाच होता. सरंजाम्यांचा मूळ माणूस काहीही लिहील ते खपेल, असा त्याचा हिशोब होता. केतकीला त्याचा हिशोब कळत होता आणि तिने तो वापरला.

तिने एका लेखकाची गोष्ट लिहिली. गोष्टीतल्या लेखकाचं नाव यशवर्धन. कोणाला फोन केला तर दोन मिनिटांत समोरच्याला बोलतं करणारा. बायकोवर विनोद लिहून तो बहिणीच्या नावावर खपवणारा. बापाच्या मरणात वाक्य शोधणारा. तिने त्याला कुठेही सोडलं नाही. प्रत्येक ओळीत विष होतं, आणि ते विष मोजून घातलेलं होतं. एक प्रसंग तिने दोनदा लिहिला. हॉस्पिटलच्या जिन्यात तो भिंतीला डोकं टेकून रडतो, तो. पहिल्या खेपेला तिने त्याला खोटं रडताना दाखवलं. मग खोडलं. तो खरंच रडत होता. रडतच ऐकत होता. ते जास्त वाईट होतं, म्हणून तिने तेच ठेवलं.

चाचणी झाली. यशवर्धनचा ठसा उन्मेष रेठरेकरांशी जुळला. फरहाना म्हणाली, "तुझा कान भावापेक्षा तिखट आहे गं." आता कायद्याप्रमाणे उन्मेषची अनुमती हवी होती. तो देणार नाही, कोर्टात जाईल, पेपरात बोंब मारेल, याची केतकीने पूर्ण तयारी केली होती. वकीलही गाठून ठेवला होता.

प्रकाशकाने पुस्तक त्याच्याकडे सकाळी पाठवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत अनुमती आली. पाठोपाठ त्याचा फोनही आला आणि इतक्या महिन्यांनी तिने तो उचलला.

"ताई, मला फार आनंद झालाय," तो म्हणाला. आवाज खरंच भरून आला होता. "तू माझ्यावर लिहावंस."

"वाचलंस?"

"नाही अजून. वाचेन की. पण प्रकाशक म्हणाला, नायकच आहे."

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तूच आहेस."

"माझं नाव छापा हं. माझी काहीच हरकत नाही, तसं लिहूनही दिलंय." मग लहानपणी शेवटची बेसनाची वडी मागायचा त्या सुरात त्याने विचारलं, "त्याच्या तोंडी चांगली वाक्यं आहेत ना गं? लोकांच्या लक्षात राहतील अशी?"

"एकही नाही," केतकी म्हणाली. "सगळी तुझीच आहेत."

पलीकडे तो खूश होऊन हसला.